बंद लखोट्याचा कैवार

“ज्यास काही लपवावयाचे नाही, त्यास कुलूप कशास हवे?” असे विचारणारे सद्गृहस्थ आमच्या मोहने गावी आहेत, तसेच कल्याणास आणि ठाण्यासही आहेत. संकेतस्थळ व वाचक यांमधील दळणवळण सांकेतिक करण्याची, म्हणजे पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असण्याची चाल त्यांस अनाठायी वाटते. आमचा उलट सवाल एवढाच की, मुलीच्या सोयरिकीची बोलणी आपण उघड्या कार्डावर लिहिता काय?

परक्या सरकारने १८९८ च्या टपाल कायद्यान्वये पत्रे अडविण्याचा अधिकार घेतला. आपल्या २०२३ च्या कायद्यानेही तो सोडलेला नाही. तथापि लखोटा निदान फोडावा तरी लागतो. उघड्या जोडणीत वाचणाऱ्याची खूणही मागे राहत नाही. मोहने येथील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. थकलेल्या देण्याविषयीचा कायदा धुंडाळणारा कामगार, किंवा आपल्या दुखण्याची माहिती शोधणारी त्याची पत्नी, यांनी कोणते पान उघडले हे जोडणी पुरविणाऱ्याने काय म्हणून पाहावे? स्थळाचे नाव बहुधा त्यास अजूनही दिसते. आतील पान तरी झाकलेले असावे.

गुन्हेगारांस आडोसा मिळतो, हा दुसरा आक्षेप. परंतु हे कुलूप वाटेवरचे आहे. पलीकडच्या घरास धनी असतो व न्यायालय त्यास जाब विचारू शकते.

खरा प्रश्न बंदीचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधावर १९१० साली बंदी आली व ती १९३७ साली उठली. बंदी उघड होती म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलता आले. उघड्या जोडणीतून मात्र एखादेच पान गुपचूप गाळता येते. विकिपीडियाने जून २०१५ मध्ये आपली सर्व पाने कुलुपाआड नेण्याचे ठरविले. त्याच ऑगस्टात रशियन सरकारने एका लेखावर बंदी घातली. पण तेवढाच लेख वेगळा काढता येईना, सारा कोश बंद पडू लागला आणि दिवसाभरात हुकूम मागे घ्यावा लागला. चीनने २०१९ साली सगळ्याच भाषांतील विकिपीडिया बंद केला, हे आम्ही विसरत नाही. कुलूप बंदी अशक्य करीत नाही. ते तिला चोरटी राहू देत नाही. ज्यास बंद करावयाचे आहे त्याने ते चारचौघांत करावे, व त्याचा जाबही द्यावा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून असल्या कुलुपाचे प्रमाणपत्र फुकट देते. तेव्हा खर्चाची सबबही उरलेली नाही. ज्या ग्रंथालयाचे, शाळेचे वा नियतकालिकाचे दार अद्याप उघडे असेल, त्याच्या चालकांनी आपल्या वाचकांस कोणाच्या पहाऱ्यात बसविले आहे, याचा विचार करावा.