आधी कामाचं बोला, मग बाकीचं!

मंडळी, आज जरा तांत्रिक विषयावर भांडायचंय. पण वाचा, विषय आपल्याच शाळांचा आहे.

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, शाळेची लॅब चालू ठेवा, असं आपण सगळेच सांगतो. लायसन्सचा खर्च नाही, मशीन भंगारात जात नाही. खरंच आहे. पण मग सर वाय-फाय जोडायचं अ‍ॅप शोधायला बसतात, आणि समोर काय येतं? डेबियन १२ चंच घ्या. पॅकेजचं नाव 'नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम'. वर्णनाची पहिली ओळ, मराठीत सांगायचं तर, 'नेटवर्क व्यवस्थापनाची चौकट (ग्नोम फ्रंटएंड)'. यातून सरांना काय कळणार, कपाळ?

काम किती साधं! घड्याळाशेजारी एक चिन्ह येतं, क्लिक केलं की आसपासची वाय-फाय दिसतात, हवं ते निवडा, पासवर्ड टाका. पण 'वाय-फाय' हा शब्द येतो खाली, लांबलचक परिच्छेदात. हे एक्सएफसीईवरही चालतं, हेसुद्धा तिथेच. जुन्या मशीनवर हलका म्हणून अनेकदा एक्सएफसीईच टाकतात. 'ग्नोम' वाचून तो माणूस आधीच पुढे गेलेला असतो!

काही जण म्हणतील, ज्याला कळत नाही त्याने लिनक्स वापरू नये. वा रे वा! डेबियनचं स्वतःचं धोरण काय सांगतं? पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत हवी, आणि वर्णन वाचून पॅकेज टाकायचं की नाही ते ठरवता आलं पाहिजे. 'आसपासचं वाय-फाय निवडा आणि जोडा' हे ८० अक्षरांत आरामात बसतं.

आणि अ‍ॅप काय करत नाही, तेही लिहा. वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर यात येत नाही, ते वेगळं टाकावं लागतं. एवढं एक वाक्य नसलं की माणूस तेच अ‍ॅप काढतो, परत टाकतो, आणि शेवटी शिव्या लिनक्सला.

ही वर्णनं भाषांतरित करायला डेबियनचा डीडीटीपी नावाचा प्रकल्प आहे. मराठी करणाऱ्यांना हात जोडून विनंती, 'बिनतारी संजाल व्यवस्थापक' लिहू नका. लोक 'वाय-फाय' म्हणतात, तेच लिहा.

सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी आहे म्हणता ना? मग लिहिलेलं वर्णन आधी शाळेतल्या एखाद्या सरांना, बाईंना वाचून दाखवा. त्यांना कळलं तरच पुढे पाठवा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू.