संसारातील जमाखर्च : दिल्लीची जुनी मोटार

मोटारगाडी हे आता केवळ श्रीमंतांचे भूषण राहिलेले नाही. वृद्ध आईवडिलांच्या सोयीसाठी, मुलांसाठी किंवा गावी जाण्यायेण्यासाठी मध्यम स्थितीतील कुटुंबेही मोटारीचा विचार करतात. नवी गाडी ऐपतीबाहेरची आहे असे दिसताच दृष्टी साहजिकच जुन्या गाडीकडे वळते. अशा वेळी एखादा परिचित हमखास सांगतो, "दिल्लीहून आणा, तेथे फार स्वस्त मिळते." हे सांगणे खोटे नसते. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यातील जुन्या गाड्यांचे भाव खरोखरच उतरलेले असतात. परंतु वस्तू स्वस्त का मिळते हे विचारल्यावाचून ती घेऊ नये, हा संसारातील जुना नियम येथेही लागू आहे.

दिल्लीतील स्वस्ताईचे मुख्य कारण गाडीच्या यंत्रात नाही, ते कायद्यात आहे. तेथील हवा इतकी दूषित झाली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांस राजधानी क्षेत्रात बंदी केली. पुढे २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिझेलसाठी दहा व पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांस दिल्लीच्या पंपांवर इंधन देऊ नये असे ठरले, पण काही दिवसांतच तो निर्णय स्थगित करावा लागला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला न्यायालयाने केवळ वयामुळे सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबरात ते संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरतेच ठेवले. हिवाळ्यात हवा फार बिघडली म्हणजे भारत स्टेज ३ च्या पेट्रोल व भारत स्टेज ४ च्या डिझेल मोटारींस काही काळ रस्त्यावर येण्याची मनाई होते, ती निराळीच. एवढ्या अनिश्चिततेत पुष्कळ मालक धडधाकट गाडीही मिळेल त्या किमतीस विकून मोकळे होतात. म्हणून तेथे वय झालेली प्रत्येक गाडी निकामी असते असे नव्हे. पण तिच्या स्वस्ताईत आपला लाभ किती आणि दुसऱ्याची सुटका किती, हे पारखून घेतले पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांनी ती गाडी अखेरपर्यंत विकली नाही. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, आणि इतकी वर्षे जपलेली ती गाडी घराबाहेर उभी राहून गंजली. पुढे ती दुरुस्त होऊन कंपनीत जतन झाली, हा तिचा भाग्ययोग. यातून घेण्याजोगा बोध असा की गाडीचे आयुष्य कॅलेंडरावर मोजता येत नाही. तिची निगा कोणी व कशी राखली, यावर ते अवलंबून असते. बंदीच्या भयाने वर्षभर उभी ठेवलेली गाडी किलोमीटरच्या आकड्यावर तरुण दिसते, पण तिची बॅटरी उतरलेली, टायर तडकलेले आणि रबरी नळ्या वाळलेल्या असण्याचा संभव असतो.

राजधानीतील गाडीत काही दोष विशेष पाहावेत. रांगत चालणाऱ्या वाहतुकीमुळे तेथे क्लच लवकर झिजतो. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रावर व रेडिएटरवर मोठा ताण पडतो. अनेक गाड्यांस सीएनजी संच बसविलेला असतो. त्याची नोंद नोंदणीपत्रात आहे काय, आणि टाकीची दर तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे काय, हे पाहावे. जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले व दिल्लीच्या सखल वस्त्या बुडाल्या. पाण्यात राहिलेली गाडी धुऊनपुसून बाजारात येते, आणि तिची विद्युत जोडणी मागाहून दगा देते. यासाठी आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे काय ते पाहावे, आणि गालिचा उचलून खालचा पत्रा न्याहाळावा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावी. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. थांबता न थांबणारा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी आत शिरत असण्याची शंका. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर शंका बळावते. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, परंतु झिजलेले पेडल आणि गुळगुळीत झालेले चाक खोटे बोलत नाहीत. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेही वाचावेत. आपल्याला समजत नसेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीस योग्य मोबदला देऊन बरोबर न्यावे. तो खर्च वाया जात नाही.

यापुढची गोष्ट मात्र उत्तम मिस्त्रीलाही दिसत नाही. कधी कधी कारखान्यातच एखादा भाग सदोष निघतो आणि कंपनी त्या गाड्या परत बोलावून तो भाग विनामूल्य बदलून देते. २०१० मध्ये मारुतीने सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या इंधनगळतीच्या शक्यतेमुळे तपासणीस बोलावल्या. २०१६ मध्ये होंडाने सुमारे १ लाख ९० हजार गाड्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगसाठी बोलावल्या. त्या एअरबॅगमधील स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमटपणाने बिघडते, आणि अपघाताच्या वेळी धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडू शकतात. जी वस्तू प्राण वाचविण्यासाठी बसविली तीच प्राण घेऊ शकते. २०१९ च्या कायदादुरुस्तीने सरकारला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मिळाला, व त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. मात्र ते सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत. जुन्या गाडीच्या मालकाने म्हणून स्वतःच जागरूक राहिले पाहिजे.

येथेच दुसऱ्या मालकाची खरी अडचण होते. कंपनीचे पत्र तिच्या दप्तरातील पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता बहुधा पहिल्या मालकाचा असतो. पत्र दिल्लीस पडून राहते आणि गाडी साताऱ्यास किंवा सोलापुरास धावत असते. उपाय सोपा आहे. नोंदणीपत्रावरील सतरा अक्षरअंकांचा चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवाकेंद्रात देऊन एखादे काम शिल्लक आहे काय, हे विचारावे. असल्यास व्यवहारापूर्वीच ते करून घ्यावे, आणि आपला पत्ता दप्तरी लावावा.

शेवटी कागदपत्रांविषयी. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. कर्जाचा बोजा उतरलेला हवा, दंड भरलेले हवेत. आपल्या राज्यात कर किती पडेल व नोंदणी मिळेल काय, हे आपल्या परिवहन कार्यालयात पैसे देण्यापूर्वी विचारावे. दाखला मिळाला नाही तर स्वस्त गाडी दारात बांधलेला हत्ती ठरते. विक्रेत्यानेही निश्चिंत राहू नये. एका गाडीचे हस्तांतर अनेकदा होऊनही नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. तिच्या अपघाताची भरपाई त्या नोंदलेल्या मालकानेच द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला. किल्ली दिली म्हणजे जबाबदारी संपली, असे कायदा मानीत नाही.

गाडीचा रंग एका दिवसात नवा करता येतो. तिचा इतिहास तसा बदलता येत नाही. ज्या गाडीचा इतिहास सांगण्यास विक्रेता कचरतो, ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. त्या गाडीत उद्या आपलीच मुले बसणार आहेत, आणि किमतीचा विचार करताना हा विचार आधी झाला पाहिजे.