सही: वस्तूचे मोल वाढवणारी की घटवणारी?

१/ लिलावात जगातील सर्वाधिक किंमत मिळवणाऱ्या टपाल तिकिटाच्या दर्शनी बाजूवर एका कारकुनाने शाईने लिहिलेली आद्याक्षरे आहेत. त्याच तिकिटाच्या पाठीवर पादत्राणांच्या एका उद्योजकाने रेखाटलेला उंच टाचेचा बूट आहे. पहिल्या खुणेवाचून ते तिकीट तिकीटच ठरले नसते. दुसऱ्या खुणेने त्यात काय भर घातली? संग्राहकांच्या जगातील या जुन्या वादाविषयी हा थ्रेड.

२/ सर्वसाधारण समज असा की थोरामोठ्यांची सही पडली की वस्तूचे मोल वाढते. बॅट असो, पुस्तक असो वा छायाचित्र. प्रत्यक्षात बाजार इतका सरळ नाही. शिक्क्याऐवजी पेनाची रेघ ओढून रद्द केलेले तिकीट सहसा कमी भावाने जाते. खेळाडूंच्या जुन्या कार्डांवर शाईची खूण दिसली, तर पारखी त्यांच्या दर्जापुढे तसा वेगळा शेरा मारतात. एका जागी जी शाई अलंकार ठरते, तीच दुसऱ्या जागी डाग ठरते. हा भेद कशावरून होतो?

३/ त्याचे उत्तर १८५६ सालच्या ब्रिटिश गयानात सापडते. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील या वसाहतीची (आजच्या गयाना देशाची) टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. त्या वर्षी साठा वेळेवर पोहोचला नाही. पोस्टमास्तर डाल्टन यांनी स्थानिक छापखान्याकडून तात्पुरती तिकिटे छापून घेतली. छापखान्याने आपल्याजवळचा जहाजाचा ठसा त्यावर उठवला. काम ओबडधोबड होते आणि त्याची नक्कल करणे कुणालाही शक्य होते.

४/ म्हणून आदेश निघाला: तिकीट देण्यापूर्वी टपाल कर्मचाऱ्याने त्यावर आपली आद्याक्षरे लिहावीत. किरमिजी कागदावरील एक सेंटचे जे एकमेव तिकीट आज ज्ञात आहे, त्यावर ‘ई. डी. डब्ल्यू.’ ही अक्षरे आहेत. ती वाइट नावाच्या कारकुनाची. हा गृहस्थ प्रसिद्ध नव्हता. त्याची सही कुणी हौसेने मागितली नव्हती. ‘हे तिकीट खरे आहे’ एवढी ग्वाही देणे, हेच त्या तीन अक्षरांचे काम होते.

५/ महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ही पद्धत अनोळखी वाटू नये. शिवकालीन पत्रांत मथळ्याशी राजमुद्रा आणि अखेरीस मर्यादामुद्रा असते. अक्षर लेखकाचे असते आणि अधिकार मुद्रेचा. मजकूर कोठे संपला हे मर्यादामुद्रा सांगते, त्यामुळे मागाहून घुसडलेली ओळ उघडी पडते. मुद्रा शोभेसाठी उमटवलेली नसते. ती कागदाचे रक्षण करते. त्याच पत्रावर पुढच्या काळातील एखाद्या मालकाने ठसठशीत अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले, तर त्याला कोणताही अभ्यासक विद्रूपीकरणच म्हणेल.

६/ आता गयानाच्या तिकिटाची पाठ पाहू. १८७३ मध्ये ते तिकीट बारा वर्षांच्या एका मुलाला घरच्या जुन्या पत्रांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकले. पुढे ते फेरारी या विख्यात संग्राहकाकडे गेले. त्याने पाठीवर आपला त्रिदलाचा छोटा शिक्का उमटवला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने फेरारीचा संग्रह लिलावात काढला आणि १९२२ मध्ये हे तिकीट आर्थर हाइंड या अमेरिकी उद्योगपतीकडे आले. त्यानेही आपली खूण ठेवली. मग ती प्रथाच पडली.

७/ १९८० मध्ये ते विकत घेणाऱ्या जॉन डू पाँटने पाठीवर पेन्सिलीने आद्याक्षरे लिहिली. ऑलिंपिक विजेत्या कुस्तीपटूच्या खुनाबद्दल शिक्षा भोगत असताना २०१० मध्ये तो तुरुंगात मरण पावला. २०१४ मध्ये स्टुअर्ट वाइट्समन यांनी हे तिकीट ९४ लाख ८० हजार डॉलरांना घेतले आणि पाठीवर आपल्या आद्याक्षरांसह बूट रेखाटला. २०२१ मध्ये त्याच तिकिटाला ८३ लाख डॉलरांहून थोडी अधिक किंमत मिळाली. ही घट बुटामुळे झाली असे म्हणता येणार नाही. लिलावाची किंमत त्या दिवशी बोली लावायला कोण आले आहे, यावरही ठरते.

८/ तरीही इतिहासाच्या दृष्टीने फेरारीचा त्रिदल आणि वाइट्समन यांचा बूट यांत मोठे अंतर आहे. फेरारीच्या काळी वस्तू कुणाकुणाच्या हातांतून गेली हे नोंदवण्याची साधने तुटपुंजी होती. पाठीवरची लहानशी खूण हाच मालकीचा पुरावा असे. २०१४ मध्ये लिलावाची सूची, छायाचित्रे, तज्ज्ञांची प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांतील बातम्या असे सारे उपलब्ध होते. बुटाने कोणतीही नवी माहिती दिली नाही. मालकी काही वर्षांची होती आणि खूण कायमची राहिली.

९/ येथेच या वादाची कसोटी मिळते. सही कुणाची आहे हा प्रश्न दुय्यम आहे. तिने त्या वस्तूच्या आयुष्यात कोणते काम केले, हा प्रश्न मुख्य. काम केलेली सही वस्तूचा भाग होते. कामाविना आलेली सही वस्तूवर ओझे होऊन बसते, मग बाजाराने तिला कितीही भाव देवो.

१०/ ही कसोटी चांद्रमोहिमांच्या पाकिटांवर लावून पाहता येते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या उड्डाणापूर्वी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांनी अनेक टपाल पाकिटांवर सह्या करून ठेवल्या. पुरेसा आयुर्विमा त्यांच्या आवाक्यात नव्हता. उड्डाणाच्या आणि चंद्रावर उतरण्याच्या दिवशी या पाकिटांवर टपालाचे शिक्के मारून घेण्याची व्यवस्था झाली. तिघे परतले नसते, तर ही पाकिटे विकून कुटुंबांचा निर्वाह व्हावा, हा हेतू होता. संग्राहक त्यांना ‘विमा पाकिटे’ म्हणतात.

११/ ही पाकिटे चंद्रावर गेली नाहीत. कागद साधा, तिकीट साधे. त्यांचे सारे मोल त्या तीन सह्यांत आहे, कारण मृत्यूची शक्यता समोर ठेवून त्या कुटुंबासाठी केलेल्या आहेत. त्याच आर्मस्ट्राँग यांनी पुढे चाहत्यांना दिलेल्या सह्यांनाही मोठा भाव येतो. पण त्या सह्या कितीही खऱ्या असल्या, तरी १९६९ च्या त्या आठवड्यांविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

१२/ दोन वर्षांनी नेमका उलट प्रकार घडला. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी सुमारे ४०० पाकिटे परवानगीविना चंद्रावर नेऊन आणली. त्यांतील १०० एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्यासाठी होती. परतीच्या प्रवासात ह्यूस्टनकडे जाताना विमानात त्यांनी पाकिटांवर सह्या केल्या. प्रकरण उघडकीस आल्यावर नासाने त्यांना ठपका दिला. तिघांपैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेले नाही.

१३/ या पाकिटांचे मोल त्यांच्या प्रवासात आहे. तेथे सही साक्षीदाराचे काम करते: ‘हा कागद आमच्याबरोबर तेथे होता.’ हेतू आक्षेपार्ह होता म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. उलट, त्या सह्यांमुळे हा कागद एका बदनाम व्यवहाराचा दस्तऐवजही झाला आहे. इतिहासाला पवित्र वस्तूच लागतात असे नाही. बोलक्या वस्तू लागतात.

१४/ भारतातील एक उदाहरण याच जातीचे आहे. गांधीजी स्वाक्षरी मागणाऱ्याकडून हरिजन निधीसाठी पाच रुपये घेत. त्या काळी पाच रुपये ही सामान्य माणसाला जाणवणारी रक्कम होती. म्हणून त्यांच्या स्वाक्षरीचे वहीतील पान ही नुसत्या नावाची आठवण नाही. एका सामाजिक चळवळीला दिलेल्या देणगीची ती जणू पावती आहे.

१५/ छापील सहीही वस्तूचे मोल ठरवू शकते. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑसबॉर्न स्मिथ यांच्या सहीची एकही नोट निघाली नाही. बँकेच्या १९३८ च्या पहिल्या नोटांवर जे. बी. टेलर यांची सही आहे. बी. एन. आडारकर १९७० मध्ये अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दी मालिकेतील काही नोटांवर त्यांची सही आहे. संग्राहक या सह्यांवरून नोटांचा काळ आणि प्रकार ठरवतात.

१६/ अशा कोऱ्या करकरीत जुन्या नोटेवर एखाद्या मान्यवराची बॉलपेनने सही घेण्याची हौस काहींना असते. येथे कसोटी स्पष्ट उत्तर देते. नोटेची सही तिच्यावर आधीच छापलेली आहे आणि तिने आपले काम केले आहे. दुसरी सही नोटेविषयी काहीही सांगत नाही. ती फक्त नोटेचा कोरेपणा संपवते आणि तो पुन्हा मिळत नाही.

१७/ सहीच्या वेडाची दुसरी किंमत अधिक जड आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने बनावट सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवली. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. सही वस्तूपासून सुटली की ती कोठेही चिकटवता येते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. आर्मस्ट्राँग यांनीही बनावट सह्या आणि विक्रीचा व्यापार पाहून १९९४ पासून स्वाक्षऱ्या देणे थांबवले.

१८/ बनावट सही खऱ्या वस्तूचाही घात करते. जुना चेंडू अस्सल असेल आणि त्यावर कुणी खोटे नाव गिरवले, तर पुढच्या अभ्यासकाला चेंडूचाच संशय येतो. खोटे पत्र बाजूला काढता येते. खऱ्या वस्तूवरील खोटी शाई मात्र वस्तूला इजा न करता सहसा निघत नाही.

१९/ यावर एक आक्षेप रास्त आहे. वस्तू मालकाची असते, मग तिच्यावर काय लिहावे हे त्यानेच का ठरवू नये? शिवाय रुची बदलते. कार्डावरची जी शाई पूर्वी केवळ दोष मानली जाई, त्या सहीला आता स्वतंत्र दर्जा देऊन जास्त भावही दिला जातो. हे खरे आहे. पण भाव पुढे पुन्हा बदलला, तरी शाई परत घेता येत नाही.

२०/ म्हणून तरुण संग्राहकांनी एक साधा नियम पाळावा. सही हवीच असेल, तर ती वेगळ्या कागदावर घ्यावी, शक्यतो तारीख आणि ठिकाणासह. सही कोणत्या प्रसंगी झाली हे लिहून ठेवावे, जमल्यास छायाचित्र जपावे आणि हे सारे वस्तूबरोबर ठेवावे. तज्ज्ञांच्या जगातही वळण तेच आहे: तिकिटाच्या पाठीवर पारख्याने खूण करण्याऐवजी छायाचित्रासह वेगळे प्रमाणपत्र देण्याची पद्धत रुळली आहे. जुनी वस्तू आहे तशी राहते आणि सहीही हरवत नाही.

(थ्रेड समाप्त)