उलवे कुठे ते कळतं, गाव कुठे?

उलवे हे नाव टेकडीचं, नदीचं आणि तिथल्या वस्तीचंही. विमानतळासाठी टेकडी छाटली, नदी वळवली, वस्ती उठवली. २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आता उलवे म्हणजे सिडकोचे टॉवर. तरीही हे नाव नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. ‘गाव’ कुठे दाखवायचं?

पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली, असं आपणही पत्रकांत लिहितो. कुठलं गाव उठलं? तलाठ्याचं गाव म्हणजे सर्व्हे नंबर आणि खातेदार. गावकी म्हणजे पंच, आणि पंच म्हणजे पुरुष. ‘गाव काय म्हणेल’ यातलं गाव तर बाईच्या उंबऱ्यातच उभं असतं. खाडीत चिंबोऱ्या, निवट्या धरून घर चालवणारीचं गाव म्हणजे ती खाडी, आणि तोवर पोर सांभाळणारी शेजारीण. ते सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही. साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळाला तो जमीनमालकाला.

आणि जमिनीला भाव आला की भावाला बहीण आठवते. भाऊबीजेला नव्हे, हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून! “तुझं गाव आता दुसरं,” असं तिला ऐकवलं जातं. सासरी तिला विचारावं तर तिथे तिचं गाव माहेरचं. मोर्चाच्या दिवशी मात्र हाच भाऊ ‘आमच्या गावच्या आयाबहिणी’ म्हणत बायकांना पोलिसांपुढे पहिल्या रांगेत बसवतो.

मैत्रिणींनो, २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राच्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणजे कायद्यालाही वाटलं, लग्न झालं की बाईचं गाव बदलतं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. सह्या मात्र अजून होतात, आणि त्या सगळ्या प्रेमापोटी होतात असं मला कोणी सांगू नये. सही नाकारली तर माहेर तुटतं, ही धास्ती खरी आहे. म्हणूनच तिला एकटीला निबंधक कचेरीत पाठवू नये. संघटनेतल्या दोघीजणींनी सोबत जावं, कागद मोठ्याने वाचावा, जमिनीचा आजचा भाव तिला सांगावा, मग तिने ठरवावं.

आपल्या पुढच्या पत्रकावर ‘गाव वाचवा’ असं मोघम नको. कोणाचं काय गेलं ते लिहा: खाडी, घर, वाटा. बायकांच्या नावांनिशी लिहा.