दोन मणके आणि एक नाव
(थ्रेड)

१/ नाचणगावाजवळून वाहणारी वर्धा नदी पुढे दक्षिणेकडे वरोरा तालुक्याच्या सीमेवरून जाते. त्या तालुक्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे डायनासोरच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. अपुऱ्या पुराव्यावर उभी राहणारी नावे किती टिकतात, याचा उत्तम धडा या दोन गावांत मिळतो.

२/ प्रारंभ जबलपूरचा. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना तेथे काही अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवर मुख्य भिस्त ठेवून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मणक्याची पुढची बाजू खोलगट, मागची गोलाकार, ही त्याची ओळख ठरली.

३/ १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मोजक्या मणक्यांवरून त्यांनीच ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही दुसरी जाती मांडली. पुढे अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस येथील हाडेही याच कुळनामाखाली आली. जातींची संख्या चौदावर गेली.

४/ २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या सर्वांची फेरतपासणी केली. मूळ ओळख ठरलेले वैशिष्ट्य आता अनेक प्राण्यांत आढळत होते. ज्या खुणेने एक ओळखावा, तीच अनेकांच्या अंगी निघाली. परिणामी ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव अग्राह्य ठरले.

५/ यावरून लायडेकरांना उतावळे म्हणणे अन्यायाचे होईल. १८७७ मध्ये ती खूण खरोखरच अनोखी होती. एकाच ताम्रपटावरून राजवंशाची वंशावळ मांडणाऱ्या अभ्यासकाचीही हीच स्थिती असते. दुसरा ताम्रपट सापडेपर्यंत त्याचे अनुमान उपयुक्त असते. मात्र ते अंतिम सत्य नसते.

६/ डोंगरगावची कथा याच्या उलट आहे. तेथे १९८४ ते १९८६ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी एकाच प्राण्याची अनेक हाडे एकत्र मिळवली. १९९७ मध्ये ती ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हणून प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये जुने कुळनाम गेले, तरी प्राणी टिकला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो ‘इसिसॉरस’ झाला.

७/ जबलपूरचा मूळ मणका दीर्घकाळ हरवलेला मानला जात होता. २०१२ मध्ये धनंजय मोहबे व सहकाऱ्यांना तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात पुन्हा गवसला. नाव बाद झाले असतानाही या शोधाचे मोल कमी होत नाही. कारण नावावरचा वाद पुन्हा तपासायचा, तर मूळ नमुनाच हाती लागतो.

८/ म्हणून नावापेक्षा नमुना मोठा. पिसदुऱ्याच्या शेतांत हाडे सुटी आणि विखुरलेली सापडतात. त्यांतील एखादे आठवण म्हणून घरी नेले, की ते कोणत्या शेतात, कोणत्या थरावर, कोणत्या हाडांशेजारी होते, हे कायमचे पुसले जाते. ज्या प्राण्याचे दोनच मणके उरले आहेत, त्याचा तिसरा कदाचित तोच असेल. इतिहासावर प्रेम असणाऱ्याने तो जागीच राहू द्यावा आणि जाणकारांना कळवावे.