एकट्या मागे उरलेल्यांसाठी

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा महापूर मोवाड गावात शिरला आणि २०४ माणसे गेली. आपल्या वरूड तालुक्यातून नदी ओलांडली की हे गाव. अशा वेळी किती मेले, ते छापून येते. ज्या घरातला एकच जीव वाचला, त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची ५२ गावे नव्या जागी वसविली. घरे पक्की मिळाली, पण रुंद रस्त्यांवर, लांब लांब. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती, खोकला आला तरी शेजारणीला ऐकू जाई. सरकारने छप्पर दिले. शेजार काही सरकारला बांधता येत नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात कोरोना पुन्हा उसळला, टाळेबंदी लागली. काही घरांतली दोन-दोन माणसे गेली. बसायलाही कोणी येऊ शकले नाही, जलदान विधी चौघांत उरकले.

एरवी तरी काय होते? जलदान झाले, पाहुणे गेले, की रात्र मोठी होते. एकट्यासाठी काय रांधायचे, म्हणून चूलच पेटत नाही. आम्हांस वाटते, अशा माणसाला कीव नको, काम हवे. निंदणाला जाताना हाक मारा. विहाराची किल्ली त्यांच्याकडे ठेवा. डबा जरूर न्या, पण कधी त्यांच्याकडे विरजण मागायलाही जा. मागणारे कोणी असले की घरात दूध येते. आणि गेलेल्यांचा विषय टाळू नका. नावे घेऊन बोला, त्यांनाही बोलू द्या.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो. नवरा, दोन लेकरे, आई-बाप, भाऊ, सारे वादळपावसाच्या एका फेऱ्यात गेले. देहभान हरपलेल्या तिला तथागतांनी सावरले, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे लेकरे गमावलेल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या, हे फारसे सांगत नाहीत. आमच्या मते खरी गोष्ट तिथून आहे.

मात्र झोप पार उडाली, अन्न सुटले, मरणाची भाषा तोंडी आली, तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. सरकारी दवाखान्यात न्यायचे झाल्यास चिठ्ठी काढायला स्वतः सोबत जा.