घर देताना आडनाव विचारतात



देहू-आळंदी रस्त्याला सिमेंटचे मजल्यावर मजले चढतायत. तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला लागलेला आपला पोरगा तिथं भाड्यानं घर बघायला जातो. पगार बरा, डिपॉझिट खिशात. एजंट आधी आडनाव विचारतो. मग गाव. मग मटण खाता का? मग मालकाला फोन, आणि घर कालच गेलेलं असतं.

ह्याच पोराच्या मोबाइलवर दुसरा मजकूर येतो : भय्ये वाढले, बिहारी वाढले, आपली वस्ती आपली राहिली नाही. आणि हा तो पुढं धाडतो! आम्हाला ह्याच्याशीच बोलायचंय.

आपली वस्ती म्हणजे कुठली रे? तुकोबाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे काही परप्रांतातून आले नव्हते. अन् स्टेशनाकडचं देहूरोड तर लष्करी डेपोंनी वाढवलं. मराठी, तमिळ, तेलुगू कष्टकरी तिथं शेजारी राहिले. तिथंच 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या दीक्षेआधी जवळजवळ दोन वर्षं. पिंपरीत फाळणीनं उठवलेले सिंधी आले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीत क्वार्टर मिळायचं ते नोकरीवर. जात तिथंही मेली नव्हती, पण दाराची चावी तिच्या हातात नव्हती. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातला भूमिहीन पोट घेऊन शहरांकडं निघाला, काहीजण ह्या पट्ट्यातही आले. तेव्हा उपरे आपणच होतो.

आता क्वार्टर बांधतो कोण? कारखान्याला कायम कामगारच नकोय. चाकणला कंत्राटदार माणसं पुरवतो आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडीतल्या पत्र्याच्या खोल्यांत एका खोलीत पाच-सहा जण पाळीपाळीनं झोपतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले. त्यांच्यातले कितीतरी तिकडच्या गावकुसाबाहेरचेच. इकडं सोसायटीत वेगळीच जमवाजमव चाललीय : गुजरातीही चालतो, मारवाडीही चालतो, दक्षिणेतला इंजिनियरही चालतो. भाषेचं ह्यांना काही नाही. थाळीत काय अन् आडनाव काय, एवढंच बघतात.

कायदा? घटनेच्या 15 व्या कलमानं विहीर, तळं, दुकान, हॉटेल उघडलं. भाड्याचा फ्लॅट त्या यादीत नाही. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व फक्त पारशांना ठेवणारा नियम चालवून घेतला. अल्पसंख्याकांची सोय म्हणून मिळालेली ही पळवाट उद्या कोण कशी वापरेल, हे काय सांगायला पाहिजे?

2008 साली उत्तर भारतीय मजुरांना झोडपलं, पुण्या-नाशकातून ते गाड्या भरभरून पळाले. त्या मारामारीत आपलीही काही पोरं झेंडा धरून पुढं होती. त्यानंतर कुठल्या सोसायटीनं आपल्याला चावी दिली? 1973 च्या जाहीरनाम्यात पँथरनं कामगार, भूमिहीन, स्त्रिया सगळ्यांना दलित म्हटलं होतं. मातृभाषेची अट त्यात नव्हती.

तेव्हा आपल्या शाखांनी एक वही घालावी. कुणाला, कुठल्या बिल्डिंगीत, काय बोलून घर नाकारलं, तारखेसकट लिहावं. भय्यालाही त्यात लिहू द्यावं, मुसलमानालाही. 25 डिसेंबरला देहूरोडला माणसं जमतील. येताना महाळुंग्याच्या खोल्यांतली दोन-चार पोरं बरोबर आणा. मराठी येत नसेल तर हिंदीत बोला.